जुन्या लेन्सची तेलकट पाती: उघडायची कधी, धुवायची कशी

जुनी मॅन्युअल लेन्स विकत घेताना बहुतेक जण अ‍ॅपर्चर रिंग (उजेडाचं भोक लहानमोठं करणारी) एफ १६ वर, म्हणजे लहान भोकावर, नेतात, भोकाभोवतीची पाती मिटलेली बघतात, परत एफ २ वर आणतात आणि लेन्स ठीक आहे म्हणून पिशवीत टाकतात. या तपासणीत काहीच कळत नाही. रिंग हातानं सावकाश फिरवली की तेलात बुडालेली पातीसुद्धा निमूट हलतात. फिल्म एसएलआरवर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यावर, फोटो काढताना गोष्ट वेगळी असते. तिथं बटण दाबेपर्यंत पाती उघडीच असतात. बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत पात्यांना सेकंदाचे जेमतेम काही शतांश मिळतात. तेवढ्यात ती एफ ११ ला पोचली नाहीत, तर शटर उघडतं तेव्हा भोक अजून मोठंच असतं आणि किनाऱ्यावर भर दुपारी काढलेले फोटो पांढरेफटक निघतात. दोष मग उजेड मोजणाऱ्या मीटरला लावला जातो, कधी लॅबला.

पात्यांवर तेल येतं ते दुसरीकडून. कुणी तिथं तेल घातलेलं नसतं, निदान कारखान्यात तरी नाही. अ‍ॅपर्चरची पाती कोरडी चालावीत अशीच बनवलेली असतात. तेल येतं फोकस रिंगच्या आतल्या आट्यांमधून. त्या मळसूत्री आट्यांना, म्हणजे हेलिकॉइडला, ग्रीस लावलेलं असतं. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात मुरवलेलं तेल. तीस-चाळीस वर्षांत, आणि उष्णतेत त्याहून लवकर, ते तेल घट्ट भागापासून सुटतं, धातूच्या पृष्ठभागावरून सरपटत पात्यांपर्यंत पोचतं आणि एकमेकांवर टेकलेल्या पातळ पत्र्यांच्या फटीत ओढलं जातं. ओल्या काचेवर काच ठेवली की जशी बसते, तशी पाती एकमेकांना धरून बसतात. त्यांना ओढणारी स्प्रिंग केसासारख्या तारेची असते. ती कोरड्या पात्यांच्या हिशेबानं बनवलेली, तिच्यात जास्तीचा जोर नसतो.

गोव्यात हे लवकर होण्याची कारणं उघड आहेत. मे महिन्यात मिरामारला उन्हात लावलेली बंद गाडी, दुचाकीची डिकी, हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात दिवसभर चादरीवर तापत पडलेला माल: या सगळ्या ठिकाणी ग्रीसमधलं तेल पातळ होऊन वाट शोधतं. लेन्स कुठल्या बाजूवर ठेवली होती यावरही बरंच अवलंबून असतं.

फोकस रिंग हाताला कशी लागते ते बघा, त्यावरून निदान पुढे जातं. पाती तेलकट आणि फोकस जड, रखरखीत असेल, तर मूळ ग्रीसमधलं तेल सुटून गेलं आहे आणि मागे सुका गाळ उरला आहे. पाती तेलकट आणि फोकस मात्र लोण्यासारखा सैल असेल, तर मधल्या काळात कुणीतरी लेन्स उघडून चुकीचं ग्रीस किंवा सरळ तेलच घातलं आहे. ही दुसरी लेन्स जास्त त्रासाची. आट्या धुतल्याशिवाय पाती कितीही वेळा पुसा, काही महिन्यांत तेल परत येणार.

आधी ठरवा: उघडायची गरज आहे का?

तेलकट पाती दिसली की स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची घाई करू नका. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्समध्ये पात्यांना स्प्रिंगच नसते. आठही पाती तुमच्या हातानं, रिंगबरोबर मिटतात आणि तशीच राहतात. तिथं पाती संथ असली तरी फोटोला काही फरक पडत नाही. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर साध्या अडॅप्टरनं लेन्स वापरत असाल तरी तेच. फोटो काढायच्या कितीतरी आधी पाती आपल्या जागी बसलेली असतात. अशा लेन्सवर थोडा तेलाचा डाग असेल तर ती वापरा.

याला दोन अपवाद आहेत. तेलाचा थर इतका जाड असेल की मिटताना पाती मध्यभागी फुगून वर येतात, तर लेन्स वापरणं लगेच थांबवा. त्या स्थितीत रिंगला जोर दिला तर पात्याला घडी पडते किंवा त्याची पिन उपटते. दुसरा अपवाद काचेचा. पात्यांवरचं तेल उन्हाळ्यात थोडं थोडं उडून अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंच्या काचांवर धुक्यासारखं बसतं. मोबाईलचा टॉर्च मागून तिरका धरा. काचेवर एकसारखी दुधी झाक दिसली तर पात्यांसाठी नाही तरी काचेसाठी लेन्स उघडावी लागेल. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, फांद्या फुटलेली दिसते. ही झाक तशी नसते, त्यामुळे दोन्हींत गल्लत होऊ नये.

तपासणी

लेन्स रात्रभर हलवू नका. सकाळी पात्यांचा पहिला झटका जो असतो तोच खरा. आठ-दहा वेळा पाती चालवली की तेल बाजूला सरतं आणि आजारी लेन्सही काही मिनिटं चपळ वागते. विकणारा लेन्स दाखवण्याआधी पाती हलवणारी मागची लिव्हर खटखटवत असेल तर बोलत बोलत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या आणि मग स्वतः तपासा.

पात्यांना चाळवण्याची पद्धत माउंटप्रमाणे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या रचनेप्रमाणे, बदलते. निकॉन आणि पेन्टॅक्स के लेन्स कॅमेऱ्याबाहेर असताना ठरवलेल्या आकड्यावर मिटलेली असते. मागची लिव्हर सरकवली की उघडते, सोडली की स्प्रिंगनं मिटते. एम४२ च्या (आट्यांनी बसणाऱ्या) ऑटो लेन्समध्ये मागची पिन दाबली की पाती मिटतात. ए-एम (ऑटो-मॅन्युअल) असा खटका असेल तर तो ए वर हवा, नाहीतर पिन दाबून काहीच होणार नाही. ऑलिंपस ओएम लेन्सला अंगावरच बटण असतं. कॅनन एफडी घेताना मात्र जपा: नव्या धाटणीची एफडी कॅमेऱ्याबाहेर मुळी पाती हलवतच नाही, तशी तिची रचनाच आहे. कित्येक चांगल्या एफडी लेन्स "अडकलेल्या" समजून मातीमोल भावात जातात. अडॅप्टर नीट बसवून, त्याची रिंग फिरवून मगच निवाडा करा.

रिंग एफ १६ वर ठेवून लिव्हर सोडा. कोरडी पाती टिचकीसारखी मिटतात, डोळ्याला मधली हालचाल दिसत नाही. मिटताना तुम्हाला दिसली म्हणजे ती संथ आहेत. आकडा हवा असेल तर मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. लिव्हर सुटल्यापासून पाती थांबेपर्यंतच्या फ्रेम मोजा. रात्रभर पडून राहिलेल्या लेन्सचा पहिला झटका आणि दहावा झटका यांत मोठा फरक आला, तर तेल आहे हे नक्की, मग पाती दिसायला कितीही कोरडी असोत.

कॅमेऱ्यावरची तपासणी आणखी पक्की. लेन्सचं अ‍ॅपर्चर यांत्रिक लिव्हरनं मिटवणारा डिजिटल एसएलआर असेल, जशी निकॉन डी७००० आणि निकॉनची जुनी एआय लेन्स ही जोडी, तर एकसारख्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीचे फोटो घ्या: एफ २ ला १/१०००, एफ २.८ ला १/५००, एफ ४ ला १/२५०, असं करत एफ १६ ला १/१५. सगळे फोटो जवळपास सारखे उजळ यायला हवेत. एफ ८ पासून पुढचे पायरीपायरीनं उजळ होत गेले तर पाती उशिरा पोचतात. एकच फोटो मध्येच उजळ आला तर मात्र तेलाकडे बोट दाखवू नका. तिथं वाकलेलं पातं किंवा खाचेत अडकलेली घाण असू शकते.

ही तपासणी आपल्याकडे एसी खोलीत करावी असा आग्रह आहे. थंडीत तेल घट्ट होतं. पडवीत ३२ अंशांत जेमतेम पास झालेली लेन्स लग्नाच्या हॉलमधल्या एसीत नापास होते, आणि कारण शेवटपर्यंत सापडत नाही.

साहित्य

जपानी लेन्सचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी त्यांची खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. ० आणि ०० मापाचे दोन चांगले जेआयएस ड्रायव्हर घ्या. सगळ्या खर्चात हा खर्च वाचवू नये. खाचांच्या रिंगा फिरवायला लेन्स स्पॅनर लागतो. कंपासपेटीतल्या डिव्हायडरनं काम होतं म्हणतात, पण तो एकदा घसरला की काचेवर आयुष्यभराची रेघ. पुढची नावाची रिंग फिरवायला सिंकचं रबरी बूच पुरतं. त्याशिवाय बोथट टोकाचा चिमटा, लाकडी दातकोरणी, लेन्स टिश्यू, घट्ट वळलेल्या कापसाच्या काड्या, हवेचा रबरी ब्लोअर, नायट्राइलचे हातमोजे, काचेच्या तीन लहान वाट्या आणि बर्फाचा ट्रे. ट्रेच्या एकेका खणात एकेका टप्प्याचे स्क्रू ठेवायचे.

द्रावण म्हणून लायटरमध्ये भरायचं नॅफ्था सगळ्यात बरं. ते ग्रीस विरघळवतं, लवकर उडतं आणि काळ्या रंगाला सहसा धक्का लावत नाही. एका लेन्सच्या पात्यांना ३० मिलि पुष्कळ झालं. बाटली नवी असली तरी आधी एक थेंब आरशावर टाकून सुकू द्या. कडेला वलय उरलं तर ते द्रावण पात्यांवरही थर सोडणार, ते वापरू नका. काचांसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. फार्मसीत मिळणारं ७० टक्क्यांचं चालणार नाही, उरलेलं पाणीच असतं आणि पोलादी पात्यांना गंज आणतं. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, तेही नको. रॉकेल चिकट थर सोडतं, थिनर आणि अ‍ॅसिटोन रंग आणि प्लास्टिक खातात. डब्ल्यूडी-४० आणि शिलाई मशीनचं तेल या कामात घराबाहेरच ठेवा. तेल मारल्यावर पाती दोन दिवस सुरेख चालतात आणि नंतर आधीपेक्षा घट्ट बसतात. बाजारातल्या पुष्कळ लेन्स अशाच "दुरुस्त" झालेल्या असतात.

नॅफ्थाची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीनं पेट घेते. खिडक्या उघड्या, समई आणि अगरबत्ती विझलेली, आणि संध्याकाळी सवयीनं लावलेली मच्छरांची कॉइल दुसऱ्या खोलीतसुद्धा नको.

पंखा बंद करा. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण पातं कागदाहून हलकं असतं, आणि पंख्यानं उडालेलं पातं कोब्याच्या काळ्या जमिनीवर शोधणं म्हणजे अर्धा दिवस. घाम येतो म्हणून कपाळाला रुमाल बांधा. घामाचा एक थेंब पात्यावर पडला तर त्यातलं मीठ दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपका काढून दाखवतं.

पावसाळ्यात हे काम टाळाच. नुसता दमटपणा हे कारण नाही. नॅफ्था उडताना धातूची उष्णता घेऊन जातं, पातं थंड पडतं, आणि आषाढातल्या हवेत त्या थंड पत्र्यावर लगेच दव धरतं. पातं सुकलं असं वाटतं तेव्हा त्यावर खरं तर पाणी असतं. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या कोरड्या सकाळी सर्वांत चांगल्या. थांबणं शक्यच नसेल तर एसी चालू असलेली बंद खोली घ्या, पण तिथं वाफ साठते म्हणून वाटीत एका वेळी ५ मिलिपेक्षा जास्त द्रावण ओतू नका. धुतलेली पाती टेबल लॅम्पच्या कोमट उबेत दहा मिनिटं ठेवा.

उघडणं

पहिल्या प्रयत्नासाठी ५० किंवा ५५ मिमीची, एफ १.८ च्या आसपासची साधी लेन्स घ्या. या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बहुधा पुढच्या आणि मागच्या काचांच्या गटांच्या मधोमध असतं, आणि दोन्ही गट अखंड डबीसारखे आट्यांवरून निघतात. हेलिकॉइडला हातही न लावता पाती दोन्ही बाजूंनी उघडी होतात. झूम लेन्स सुरुवातीला नको. निकॉनची ५५ मिमी एफ २.८ मायक्रो एआय-एस तेलकट पात्यांसाठी प्रसिद्धच आहे, पण फोकस करताना तिचे काचांचे गट वेगवेगळ्या वेगानं सरकतात. ती शिकाऊ हाताची लेन्स नव्हे.

रबरी बूच नावाच्या रिंगवर दाबून डावीकडे फिरवा. रिंग निघाली की खाली तीन लहान स्क्रू किंवा खाचांची रिंग दिसेल. हटून बसलेल्या स्क्रूला जोर लावू नका, कारखान्यात त्यावर लॅकर (रोगण) लावलेलं असतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर २०-३० सेकंद टेकवा, लॅकर मऊ पडतं. हे करताना जवळपास नॅफ्था उघडं नको. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो, आणि फोटोत अ‍ॅपर्चर रिंगचा आकडा व वरची खूण दोन्ही दिसली पाहिजेत.

पुढचा गट काढताना आत पातळ पितळी चकत्या सापडल्या तर त्या कचरा नव्हेत. काचांमधलं अंतर त्यांनी राखलेलं असतं. किती होत्या आणि कोणत्या बाजूला होत्या हे लिहून ठेवा. काढलेला गट द्रावणात कधीही बुडवू नका, आतल्या काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात.

जागेवरच पुसायचं असेल तर

दोन्ही गट निघाले की पाती समोर दिसतात. तेल कमी असेल तर इथंच काम भागतं. रिंग एफ ५.६ किंवा ८ वर ठेवा. पूर्ण मिटलेली पाती मध्यभागी ताणलेली असतात, तिथं दाबलं तर वाकतात. कापसाची काडी नॅफ्थात बुडवून टिश्यूवर टेकवा, म्हणजे ती ओली राहील पण ठिबकणार नाही. काडीच्या वजनाइतकाच दाब देऊन पात्याच्या कडेवरून बाहेर घसरत जाणाऱ्या दिशेनं पुसा. उलट दिशेनं गेलात तर कापसाचा धागा कडेखाली अडकतो आणि ओढताना पातं उचललं जातं. एक फेरी झाली की पाती दहा वेळा उघडमीट करा. फटींतलं तेल पृष्ठभागावर येईल. नवी काडी, पुन्हा पुसणं, मग दुसरी बाजू. काडी स्वच्छ निघेपर्यंत सहा-आठ फेऱ्या तरी होतात.

पिचकारीनं द्रावण आत ओतण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात पात्यांवरचं तेल कडेच्या खाचेत वाहून जातं, तिथून हेलिकॉइडचं ग्रीसही सुटतं, आणि द्रावण उडालं की ते सगळं मिळून परत पात्यांवर पसरतं. लेन्स तासभर झकास चालते. दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट.

पाती काढून धुवायची असतील तर

तेल दाट असेल, किंवा पुसल्यावर आठवड्यात परत आलं, तर पाती बाहेर काढावी लागतात. पाच ते आठ पाती, प्रत्येकाला दोन पिना: एक खालच्या स्थिर कड्याच्या भोकात बसते, दुसरी वरच्या फिरत्या तबकडीच्या तिरक्या खाचेत. तबकडी फिरली की सगळी पाती एकदम आत किंवा बाहेर सरकतात. काही लेन्समध्ये ही मांडणी उलटी असते.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, म्हणजे पाती कडेला सपाट पडतील. तबकडी आणि कडं यांवर सुईनं समोरासमोर बारीक खूण करा. तबकडीला धरणारी तारेची कडी बोट वर ठेवूनच काढा, ती उडते. तबकडी सरळ वर उचला. आता पाती दातकोरणीनं एकेक सैल करून चिमट्यानं कडेला धरून उचला, सगळ्यात वरचं आधी. बटर पेपरवर गोलाकार, तशीच, तीच बाजू वर ठेवून मांडा. दोन पिनांची लांबी वा जाडी पुष्कळदा वेगळी असते, म्हणून पातं पालथं झालं की बसत नाही आणि कारण चटकन लक्षात येत नाही.

तीन वाट्यांत थोडं थोडं नॅफ्था घ्या. पहिल्या वाटीत पातं दोन मिनिटं, मग दुसऱ्या वाटीत हलवून, मग तिसऱ्यात. बाहेर काढून लेन्स टिश्यूच्या घडीत ठेवा आणि वरून हलकं टेकवा, घासू नका. पिनांच्या मुळाशी तेल लपतं, तिथं दातकोरणीच्या टोकाला टिश्यूचा कपटा गुंडाळून फिरवा. पात्यांवरचा मंद काळा थर घासून काढू नका. पत्रा चमकू लागला तर लेन्सच्या आत उजेड परततो आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट पडतो. कडं आणि तबकडी यांच्या खाचाही तितक्याच निगुतीनं पुसायच्या. बहुतेक जण पाती लख्ख करतात आणि तेलानं भरलेलं कडं तसंच परत बसवतात.

गंजाचा ठिपका आढळला तर पॉलिश पेपर लावू नका. पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो, जरा खरवडला की कड वाकते. ठिपका पात्यांच्या घासण्याच्या वाटेत नसेल तर तसाच राहू द्या. वाटेत असेल तर त्याच मॉडेलच्या बुरशीनं गेलेल्या लेन्समधलं पातं वापरणं हाच इलाज. अशा लेन्स स्वस्तात मिळतात, एखादी जवळ असावी.

परत बसवताना पहिलं पातं भोकात, कडेला सरकवलेलं. दुसरं त्याच्यावर, तिसरं दुसऱ्यावर. शेवटचं पातं आधीच्यावर असतं, पण त्याचं शेपूट पहिल्याच्या खाली जायला हवं. पुठ्ठ्याच्या खोक्याची चार झाकणं एकमेकांत अडकवून बंद करतो ना, तीच रीत. पहिल्या पात्याचं मोकळं टोक दातकोरणीनं केसभर उचला आणि शेवटचं खाली सारा. इथं संयम लागतो. तीन-चार वेळा सगळं विस्कटणं अगदी स्वाभाविक आहे.

मग तबकडी. ती ठेवल्याबरोबर सगळ्या पिना खाचांत बसत नाहीत. खाचेतून दातकोरणी घालून एकेक पिन हळूच ढकला. सगळ्या बसल्या की तबकडी स्वतःच्या वजनानं सपाट पडते. दाबून बसवावी लागत असेल तर एखादी पिन बाहेर आहे. कडी लावा आणि तबकडी अगदी सावकाश फिरवून बघा. भोकाचा आकार सगळीकडून सारखा हवा.

धुतली, तरी संथच?

पाती कोरडी असूनही ढिली वागत असतील तर आधी अ‍ॅपर्चरला धरणारी रिंग वा स्क्रू बघा. ते जास्त आवळले की तबकडी चेपते. पाव वळसा सैल करून फरक पडतो का पाहा. मग स्प्रिंग: एखादं टोक आकड्यातून सुटलेलं असतं, किंवा आधीच्या कारागिरानं ओढून तिचा ताण घालवलेला असतो. लिव्हरचे जोड तेलकट राहिले असतील तर तेही पाती अडवतात. अशा वेळी ग्रॅफाइटची पूड टाकायचा सल्ला मिळतो. गरज नसते, आणि ती पूड पुढे काचेवर सापडते.

सगळं ठीक वाटलं तरी लेन्स लगेच जोडू नका. अ‍ॅपर्चर उघडं ठेवून एक रात्र, मिटलेलं ठेवून एक रात्र, आणि सकाळचा पहिला झटका. तो टिचकीसारखा आला तरच काचा बसवा. बसवण्याआधी आतल्या दोन्ही काचांवरची तेलाची झाक अल्कोहोल लावलेल्या टिश्यूनं मधून बाहेर गोलाकार पुसून घ्या. गट आट्यांवर चढवताना आधी उलटा, डावीकडे फिरवा. आटे जागेवर आल्याची बारीक टक् ऐकू आली की उजवीकडे. असं केलं की आटे तिरके चढत नाहीत.

ग्रीसचं काय?

फोकस सुरळीत असेल आणि पाती कोरडी राहत असतील तर हेलिकॉइड उघडू नका. तेल परत आलं तर मात्र उघडावंच लागतं, आणि एक गोष्ट विसरली तर लेन्स वाया जाते. या आट्यांना एक नव्हे, अनेक सुरुवाती असतात. आटे ज्या नेमक्या ठिकाणी सुटतात, तिथं दोन्ही भागांवर खूण करायलाच हवी. चुकीच्या सुरुवातीवर चढवले तर फोकस रिंग व्यवस्थित फिरते, पण अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या गोष्टीवर, फोकस जुळत नाही. जुनं ग्रीस नॅफ्था आणि टूथब्रशनं पूर्ण काढा, नव्यात मिसळू नका. नवं ग्रीस हेलिकॉइडसाठी बनवलेलंच हवं, आणि तेही आट्यांवर जेमतेम झाक दिसेल इतकंच. दाबून बाहेर आलेलं प्रत्येक टिपूस पुढच्या खेपेला पात्यांवर जाणार आहे. गॅरेजमधलं गाडीचं ग्रीस उन्हात तेल सोडतं, ते या कामाला घेऊ नका.

अनंताची तपासणी करायला दोनापावलाहून झुवारी नदीपलीकडे मुरगावला नांगरलेली जहाजं किंवा मिरामारहून दिसणारा आग्वादचा डोंगर उत्तम. फोकस रिंग शेवटच्या टोकाला नेल्यावर ते रेखीव दिसायला हवेत. सकाळी जा, दुपारी तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते.

त्यानंतर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापकासह. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहावी. आर्द्रता याहून बरीच वर गेली की बुरशी वाढते, आणि ३० च्या खाली ग्रीस व रबर सुकतं. तांदूळ घालू नका, त्याची पूड फोकसच्या आट्यांत शिरते. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास भाजून परत वापरता येतात. डबा कपाटाच्या खालच्या खणात ठेवा, मंगलोरी कौलांलगतच्या माळ्यावर नको. मे महिन्यात माळा भट्टीसारखा तापतो. आणि चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीचे फोटो काढायला लेन्स बाहेर काढाल तेव्हा एफ १६ वर पहिला झटका तेवढा बघून घ्या.